तपासणीची सक्ती आमच्यावर, तुमच्यावर कशाची?

प्रति,
नागपुरात प्रसूतिगृहं चालवणारे सगळे डॉक्टर,
आणि या प्रसूतिगृहांची नोंदणी करणारे महापालिकेच्या आरोग्य विभागातले साहेब-मॅडम,

नमस्कार.

तुमच्याकडे बाळंतपणासाठी नाव घातलं की एक छापील कागद हातात मिळतो. हिमोग्लोबिन, ब्लड ग्रुप, शुगर, थायरॉइड आणि खाली एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी ची), व्हीडीआरएल (सिफिलिसची). काही ठिकाणी तर एवढंही नाही, नुसतं "व्हायरल मार्कर" लिहून पुढे बरोबरची खूण. आणि सगळ्यात खाली जाड अक्षरात की रिपोर्टशिवाय ॲडमिशन होणार नाही. परवा माझ्या वहिनीच्या हातात हाच कागद आला, तिनं मला फोन करून विचारलं की ताई हे खालचे तीन कशाचे असतात हो, सिस्टरला विचारलं तर ती म्हणे सगळ्यांचंच करतो आम्ही, काऊन टेन्शन घेता. झालं. तपासणीच्या आधीचं समुपदेशन ते एवढंच.

तपासणीला माझा विरोध नाही हे आधीच सांगते, नाहीतर दोन ओळी वाचून लोकं भांडायला येतील की बाई तुम्हाला बाळाची काळजी आहे की नाही. आहे, आणि म्हणूनच लिहून राहिले. एचआयव्ही असलेल्या आईवर काहीच उपचार झाले नाहीत तर गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावरचं दूध असं सगळं धरून बाळाला लागण व्हायची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, वेळेत गोळ्या सुरू झाल्या की तीच ५ टक्क्यांच्या खाली येते. सिफिलिस वेळेत सापडला तर बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, किती जुनं आणि किती स्वस्त औषध आहे ते, आणि नाही सापडला तर निम्म्याहून जास्त गरोदरपणांत काही ना काही वाईट होतं, बाळ पोटातच दगावतं, दिवस भरायच्या आधी होतं नाहीतर आजार घेऊनच जन्मतं. हिपॅटायटिस बी चं गणित अजून वेगळं. मोठ्या माणसाला लागण झाली तर बहुतेकांच्या अंगातून तो विषाणू आपोआप निघून जातो पण जन्मताना लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्क्यांना तो जन्मभरासाठी चिकटतो, पुढे लिव्हर सिरॉसिस, कॅन्सर. आणि आईचा ई अँटिजन पॉझिटिव्ह असेल, म्हणजे विषाणूचा जोर जास्त असेल, आणि बाळाला काहीच दिलं नाही तर १०० पैकी ९० बाळांपर्यंत तो पोचू शकतो. तेव्हा तपासणी झालीच पाहिजे, प्रत्येकीची झाली पाहिजे, आणि पहिल्या तीन महिन्यांतच झाली पाहिजे. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे.

मला हे सगळं माहीत असण्याचं कारण म्हणजे मी स्वतः हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आहे. माझ्या बाळंतपणातच कळलं. कुठून आला माहीत नाही, बहुतेक माझ्या आईकडूनच मला आला असेल, कारण आमच्या पिढीच्या बहुतेक जणींना लहानपणी ही लस मिळालीच नाही, सरकारी लसीकरणात ती देशभर आली तीच २०११ च्या सुमारास. शहरातल्या एका खाजगी प्रसूतिगृहात (नाव घेणार नाही, घ्यायची गरज पण नाही, हे एकाच ठिकाणी होतं असं थोडीच आहे) काउंटरवरच्या मुलीनं चार पेशंट बाकावर बसलेले असताना मोठ्यानं सांगितलं की मॅडम तुमचं ते ऑस्ट्रेलिया अँटिजन (एचबीएसएजीचंच दुसरं नाव) पॉझिटिव्ह आलंय, सरांना दाखवून घ्या. तोवर रिपोर्टची पीडीएफ फाइलवरच्या मोबाइल नंबरवर गेली होती, आणि नंबर अर्थातच नवऱ्याचा. त्यानं घाबरून ओळखीच्या कंपाउंडरला विचारलं, तो म्हणाला ही पांढरी कावीळ, लिव्हर सडवते, घरात जपून राहा. संध्याकाळपर्यंत माझं ताट-वाटी वेगळं झालं. सासूबाईंना दोष देत नाही मी, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की हा आजार रक्तातून, शारीरिक संबंधातून आणि आईकडून बाळाला जातो, एका ताटात जेवून जात नाही. सांगायचं काम ज्यांचं होतं त्यांनी पुढच्या व्हिजिटला फाइलवर लाल स्टिकर चिकटवला आणि नववा लागल्यावर सांगितलं की आमच्याकडे अशा केसचा सेटअप नाही, तुम्ही मोठ्या हॉस्पिटलला बघा. लेखी काही नाही. कारण काही नाही. आधी भरलेले पैसेही आले नाहीत, पण ते जाऊ द्या.

बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं, साधं, नॉर्मल. बाळाला जन्मल्यावर काही तासांतच एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. अंगावरचं दूध पाजा, काही होत नाही, असं तिथल्या सिस्टरनंच पहिल्यांदा मला स्पष्ट सांगितलं. पोरीची वर्षाची झाल्यावर तपासणी केली, निगेटिव्ह. गर्दी होती, एका खाटेवर दोघी होत्या, संडासाचं तर विचारूच नका, पण जे व्हायला पाहिजे ते वेळेत झालं.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही आमच्याकडून रिपोर्ट सक्तीनं घेता. मग त्याच रिपोर्टवरून तुमच्यावर काय काय बंधन येतं, हे किती जण पाळता?

एचआयव्हीपुरता तरी कायदा एकदम स्पष्ट आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा, २०१७ सालचा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्यात लिहिलंय की माणसाची माहितीपूर्ण संमती घेतल्याशिवाय एचआयव्हीची तपासणी करायची नाही, आणि त्या संमतीत तपासणीआधीचं आणि नंतरचं समुपदेशन येतं. ॲडमिशनच्या वेळी दहा पानांच्या फॉर्मवर "सर्व आवश्यक तपासण्यांना माझी संमती आहे" अशी एक ओळ छापून खाली सही घेतली म्हणजे ती संमती होत नाही हे तुम्हाला पण माहीत आहे. दुसरं, आरोग्यसेवा मिळण्यासाठी एचआयव्ही तपासणीची पूर्वअट घालणं हा याच कायद्याप्रमाणे भेदभाव आहे. म्हणजे तो जाड अक्षरातला मजकूर, रिपोर्टशिवाय ॲडमिशन नाही, तो एचआयव्हीच्या बाबतीत सरळसरळ बेकायदेशीर आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा विश्वासच बसला नाही, कारण शहरभर तो कागद मी पाहिलाय, धंतोलीत पाहिलाय, रामदासपेठेत पाहिलाय, आमच्या नंदनवनात पाहिलाय. तिसरं, सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी सगळ्यांची करायची पद्धत आहे पण ती अशी की आधी माहिती द्यायची, मग तिला नाही म्हणायचा हक्क ठेवायचा. खरं सांगायचं तर नीट समजावून सांगितलं तर कोणती आई नाही म्हणते हो? मी तर पाहिली नाही. सक्तीची गरज त्यालाच लागते ज्याला समजावून सांगायला पाच मिनिटं नाहीत.

आणि नवऱ्याला कळवण्याबद्दल पण त्या कायद्यात आहे. डॉक्टर जोडीदाराला सांगू शकतो पण त्याआधी बाईला समुपदेशन करून तिलाच सांगायची संधी द्यायची, आणि सांगितल्यानं तिला मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी भीती असेल तर सांगायचं नाही. इथे तर काउंटरवरून पीडीएफ जाते, तीही ज्याचा नंबर फाइलवर असेल त्याला, नवरा, दीर, सासरा कोणीही. बाईच्या स्वतःच्या हातात तिचा रिपोर्ट सगळ्यात शेवटी येतो. हे एक जरी थांबवलं ना तरी कितीतरी घरांतलं रडणं कमी होईल, आणि याला एक पैसा खर्च नाही, रजिस्टरमध्ये नंबर लिहिताना "तुमचा स्वतःचा नंबर सांगा" एवढंच म्हणायचं आहे.

बाहेरच्या देशात काय करतात ते शोधताना एक गोष्ट वाचली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यानं १९३८ सालीच गर्भवतीच्या सिफिलिस तपासणीचा कायदा केला, आणि ते बंधन टाकलं होतं डॉक्टरवर, की गरोदर बाई तुमच्याकडे आली की तिची तपासणी करायची जबाबदारी तुमची. मला ते बरं वाटलं. आपल्याकडे मात्र तपासणी करून आणायचं काम बाईचं, पैसे तिचे, लॅबपर्यंत जायचं तिनं, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की दुसरं हॉस्पिटल शोधायचं कामही तिचंच.

बरं, हे झालं एचआयव्हीचं. माझ्यासारख्या हिपॅटायटिस बी वाल्या बायांना तर तेवढाही कायदा नाही. २०१७ चा कायदा फक्त एचआयव्हीसाठी आहे. हिपॅटायटिससाठी २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात गरोदर बायांची तपासणी आहे, औषधं फुकट आहेत, पॉझिटिव्ह आईच्या बाळासाठी इम्युनोग्लोब्युलिन आहे, सगळं चांगलंच आहे. पण तो कार्यक्रम आहे, मार्गदर्शक सूचना आहेत. खाजगी प्रसूतिगृहानं मला नवव्या महिन्यात बाहेर काढलं तर कोणत्या कलमाखाली दाद मागू? एचआयव्ही असलेल्या बाईला निदान त्या कायद्याखालच्या राज्याच्या लोकपालाकडे जाता येतं, ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो आणि तातडीची बाब असेल तर शक्यतो २४ तासांत. काविळीच्या बाईनं कोणाकडे जायचं? एकाच कागदावर तीन तपासण्या, एकाच सुईतून काढलेलं रक्त, पण एका आजाराला कायद्याचं संरक्षण आणि बाकी दोघांना काहीच नाही. सिफिलिसचं तर अजूनच वाईट, तो रिपोर्ट आला की लोकं थेट बाईच्या चारित्र्यावरच येतात. नवऱ्याची तपासणी करा, त्यालाही इंजेक्शन द्या, नाहीतर बाईला परत लागण होईल, हे सांगायचं धाडस किती डॉक्टर करतात?

आता तुमची बाजू. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल, की ऑपरेशन करताना सुई टोचली तर आमच्या स्टाफचं काय. अगदी बरोबर भीती आहे, मी ती खोटी म्हणत नाही, लेबर रूममध्ये रक्त-पाणी किती असतं ते मी पाहिलंय. पण मग मला सांगा, एचआयव्हीची लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर टेस्ट निगेटिव्ह येते, त्याला तुम्हीच विंडो पिरियड म्हणता. तीन महिन्यांपूर्वीचा निगेटिव्ह रिपोर्ट आज ऑपरेशन करताना तुम्हाला वाचवत नाही. म्हणूनच तर जगभर नियम असा आहे की प्रत्येक पेशंटचं रक्त संसर्गजन्य आहे असं समजूनच हातमोजे, चष्मा, गाऊन, सुया टाकायचा डबा हे सगळं वापरायचं. ते प्रत्येकीला वापरलं तर पॉझिटिव्ह बाईसाठी वेगळं "किट" कशाचं लावता आणि त्याचे बिलात वेगळे पैसे कशाचे घेता? आणि प्रत्येकीला वापरत नसाल तर मग तुमच्या स्टाफला खरा धोका त्या निगेटिव्ह रिपोर्टवाल्या बायांकडूनच आहे.

स्टाफची खरंच काळजी असेल तर अजून एक विचारते. तुमच्याकडच्या मावशी, ज्या रक्तानं भरलेल्या चादरी उचलतात, लेबर रूम पुसतात, त्यांना हिपॅटायटिस बी ची लस दिली का? तीन डोस असतात, महाग नाही. सुई टोचल्यावर एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, ते रात्री दोन वाजता कुठे मिळेल याचा कागद भिंतीवर लावलाय का? सुरक्षित कामाची जागा देणं हे पण त्याच २०१७ च्या कायद्यात मालकावर बंधनकारक आहे. पेशंटची फाइल लाल करून मावशीचं रक्षण होत नाही. मी एका ठिकाणच्या मावशीला सहज विचारलं होतं तर ती म्हणाली कसली लस बाई, आम्हाले तर कोणी विचारत पण नाही.

आता एक असा विषय जो आपल्याकडेच जास्त आहे, माहेरचं बाळंतपण. पोरगी सासरी पुण्याला नाहीतर छिंदवाड्याला, पहिले सहा-सात महिने तिकडे तपासते, सातव्यात ओटी भरून माहेरी नागपूरला येते. तिकडचे रिपोर्ट अर्धे तिथेच राहतात, कधी हरवतात, कधी सासरचे देतच नाहीत, आणि कधी मुद्दाम लपवलेले असतात कारण पॉझिटिव्ह आलं तर माहेरी काय म्हणतील. इकडे नवीन डॉक्टर पहिल्यापासून सगळं परत करायला लावतो, परत पैसे, आणि तोवर आठवा महिना उजाडतो. हिपॅटायटिस बी मध्ये विषाणूचं प्रमाण जास्त असेल तर आईला टेनोफोविरची गोळी साधारण २८ व्या आठवड्यापासून सुरू करायची असते, म्हणजे सातव्या महिन्यातच, नेमकी जेव्हा आपली पोरगी रेल्वेत बसून माहेरी येत असते. ती वेळ अशीच निघून जाते. सिफिलिसचं पण तसंच, इंजेक्शन बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी पडायला पाहिजे. आणि नागपूरला तर बालाघाट, शिवनी, गडचिरोली, चंद्रपूर कुठून कुठून बाया येतात, काही तर कळा सुरू झाल्यावरच येतात, हातात एकही कागद नसतो. अशा बाईची तपासणी तिथल्या तिथे करायची आणि पॉझिटिव्ह निघाली तर बाळाचं करायचं, की रिपोर्ट नाही म्हणून गेटवरून परत पाठवायचं? यातलं दुसरं किती ठिकाणी होतं ते रिक्षावाल्यांना विचारा, ते तुमच्यापेक्षा जास्त सांगतील, कारण तिथून मेडिकल नाहीतर मेयो नाहीतर डागा या सरकारी दवाखान्यांत तेच घेऊन जातात.

इम्युनोग्लोब्युलिनबद्दल वेगळं लिहिते कारण सगळा खेळ घड्याळाचा आहे. बाळ जन्मलं की लस २४ तासांच्या आत आणि पॉझिटिव्ह आईच्या बाळाला सोबत हे इंजेक्शन, शक्यतो १२ तासांच्या आत. फ्रिजमध्ये ठेवायची गोष्ट आहे, कित्येक मेडिकल स्टोअरवाले ठेवत नाहीत कारण खप नाही, किंमत काही हजारांत. खाजगीत काय होतं तर रात्री अकराला बाळ होतं आणि बापाच्या हातात चिठ्ठी देतात, हे घेऊन या. तो बिचारा एका मेडिकलमधून दुसऱ्या मेडिकलमध्ये फिरतो, कोणी म्हणतं सकाळी या, कोणी म्हणतं ऑर्डर करावी लागेल, बर्फाची पिशवी तर कोणी देत पण नाही. अहो पण आई पॉझिटिव्ह आहे हे तुम्हाला पाच महिन्यांपासून माहीत होतं ना? लाल स्टिकर लावायला आठवण राहिली, इंजेक्शन मागवून ठेवायला नाही राहिली? आणि हेच इंजेक्शन सरकारी कार्यक्रमात फुकट मिळायची सोय आहे हे त्या बापाला कोणीच सांगत नाही, ना डॉक्टर, ना मेडिकलवाला.

जाता जाता टॉर्च टेस्टबद्दल (टोक्सोप्लाझ्मा, रुबेला वगैरे संसर्गांच्या रक्ततपासण्यांचा संच) पण बोलते. एखादा गर्भपात झाला की हजारो रुपयांचं टॉर्च पॅनल लिहून देतात, सरसकट. कोणत्याही राष्ट्रीय कार्यक्रमात सगळ्या गरोदर बायांची टॉर्च करा असं नाही. जी तपासणी करून बाळ वाचतं तिच्याबद्दल एक वाक्य सांगायला वेळ नाही, आणि जिच्या रिपोर्टचं पुढे काय करायचं ते तुम्हालाच ठरवता येत नाही ती मात्र न चुकता लिहिता. असो, हा वेगळा विषय आहे, त्यावर नंतर कधीतरी.

आता महापालिकेच्या साहेब-मॅडमना. शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा १९४९ सालचा आहे, त्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले आणि रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. नोंदणी तुम्ही करता, नूतनीकरण तुम्ही करता. म्हणजे किल्ली तुमच्याकडे आहे. दिल्लीतून नवीन कायदा यायची वाट पाहायची गरज नाही, पुढच्या गोष्टी एका परिपत्रकावर होऊ शकतात, आणि त्या मी मागून राहिले आहे.

रक्त घेण्याआधी तिन्ही तपासण्यांची नावं, त्या कशासाठी आहेत आणि पॉझिटिव्ह आलं तर काय उपचार होतो हे मराठीत आणि हिंदीत एका पानावर प्रत्येक गरोदर बाईला द्या, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना तोंडी सांगा. "व्हायरल मार्कर" असं गोलमोल लिहिणं बंद करा. एचआयव्हीची संमती वेगळी घ्या, कायद्याप्रमाणे.

रिपोर्ट बाईच्याच हातात, बंद खोलीत, तिच्याच नंबरवर. फाइलवर, खाटेवर, बेबीच्या पाळण्यावर कुठलंही स्टिकर नको.

तिन्हीपैकी कशावरूनही बाईला नाकारायचं नाही. खरंच काही कारणानं दुसरीकडे पाठवायचं असेल, उदाहरणार्थ बाळासाठी एनआयसीयू नाही म्हणून, तर ते कारण लेटरहेडवर लिहून द्या, ज्या हॉस्पिटलला पाठवता तिथल्या डॉक्टरशी फोनवर बोलून द्या, आणि आजार पहिल्या रिपोर्टमध्ये कळला असेल तर नववा लागेपर्यंत थांबू नका. बिलात पॉझिटिव्ह म्हणून वेगळं किट लावायचं नाही.

हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह बाईचं नाव ज्या प्रसूतिगृहात आहे तिथे तिच्या तारखेच्या आधीच इम्युनोग्लोब्युलिन आणून ठेवलेलं असावं. ते फुकट कुठल्या कुठल्या सरकारी केंद्रावर मिळतं, रात्री कोणाला फोन करायचा, ही यादी महापालिकेनं शहरातल्या सगळ्या प्रसूतिगृहांना आणि आशाताईंना द्यावी, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचं शिबिर असतं तिथे ती लावावी.

माहेरी आलेल्या बाईचे जुने रिपोर्ट चालवून घ्या, आणि जिच्याकडे काहीच नाही तिची एचआयव्हीची तपासणी सरकारी आयसीटीसीमधून, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रातून, फुकट होते हे तिला सांगा. माता बाल संरक्षण कार्डावर या तिन्हींचं नीट लिहा, पण कसं लिहायचं ते ठरवताना हे लक्षात ठेवा की ते कार्ड घरातले सगळेच वाचतात. यावर तोडगा काय ते मला पण नीट सुचत नाही, कोड नंबर टाका नाहीतर दुसरं काही करा, पण पॉझिटिव्ह आयांना बोलावून विचारून मगच करा.

२० किंवा जास्त माणसं काम करत असतील अशा आरोग्य संस्थेत एचआयव्ही कायद्याप्रमाणे तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. नूतनीकरणाच्या वेळी त्याचं नाव आणि नंबर भिंतीवर आहे का ते बघा, नसेल तर सर्टिफिकेट थांबवा. छोट्या नर्सिंग होमसाठी महापालिकेतला एक अधिकारी नेमा, आणि तिथे हिपॅटायटिस बी आणि सिफिलिसच्या तक्रारी पण घ्या. मावशी, वॉर्डबॉय, सफाईवाले सगळ्यांचं हिपॅटायटिस बी लसीकरण झाल्याचं रजिस्टर तपासा.

आणि राज्य सरकारकडे महापालिकेनं ठराव करून पाठवावा की एचआयव्हीला जे संरक्षण आहे तेच गरोदरपणात सापडलेल्या हिपॅटायटिस बी आणि सिफिलिसलाही कायद्यानं द्या. श्रीलंकेनं २०१९ मध्ये आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आणि सिफिलिस संपवल्याचं जागतिक आरोग्य संघटनेकडून प्रमाणपत्र घेतलं, थायलंडनं २०१६ मध्ये, क्युबानं २०१५ मध्ये. त्याचे निकष पाहिले तर ९५ टक्के गरोदर बायांची तपासणी आणि पॉझिटिव्ह असलेल्या ९५ टक्के जणींना उपचार असे आहेत. म्हणजे नुसत्या तपासणीवर काम भागत नाही, पॉझिटिव्ह आलेली बाई बाळंतपणापर्यंत टिकवून धरावी लागते, आणि ज्या बाईला काउंटरवर सगळ्यांसमोर रिपोर्ट ऐकवता ती दुसऱ्या वेळी गरोदर राहिली की तपासायला येत नाही, एकदम कळा घेऊन येते.

जे डॉक्टर हे सगळं आधीपासूनच नीट करतात, आणि आहेत असे, एकीनं तर स्वतःच्या घरच्या फ्रिजमध्ये इंजेक्शन ठेवल्याचं मला माहीत आहे, त्यांनी हे पत्र स्वतःवर घेऊ नये. उलट आपल्या संघटनेच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवावं.

बाकी महापालिकेकडून उत्तराची वाट पाहते. लेखी द्या, मराठीत द्या, आणि "सर्व प्रसूतिगृहांत नियमानुसार काम चालू आहे" असं एका ओळीचं देऊ नका, कोणता नियम, कोणतं कलम, आणि शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली तेवढं त्यात लिहा.

आपली,
एका पोरीची आई
नंदनवन, नागपूर